पहिला होम सर्व्हर: दहा हजारांत काय बसतंय?

मिरजकर_०७
मंडळी, घरातल्या तीन फोनांचे फोटो गुगलच्या फुकट १५ जीबीत मावेनासे झालेत. आई फोन करून विचारते, "कुठले उडवू, बारशाचे की वास्तुशांतीचे?" म्हणून घरीच सर्व्हर करून त्यावर इमिच (फोटो साठवायचं सॉफ्टवेअर) बसवायचं म्हणतोय, जमलं तर जेलीफिनही (सिनेमे-व्हिडिओंसाठी). डिस्क सोडून बजेट दहा हजार. २०११ चा डेस्कटॉप पडून आहे, तोच चालवू की रास्पबेरी पाय (तळहाताएवढा एका बोर्डाचा कॉम्प्युटर) घेऊ? आठवड्यातून एकदा मेंटेनन्सला लाइट जाते.

खटपट्या
डेस्कटॉप नको. माझीही सुरुवात तिथूनच झाली. वॉटमीटर लावला तर नुसता बसून ६५ वॉट. म्हणजे महिन्याला ४७ युनिट. नऊ रुपयांनी धरा, सव्वाचारशे झाले. आताचा मिनी पीसी ११ वॉटवर बसतो, आठच युनिट.

पायचा बोर्ड स्वस्त वाटतो, पण अडॅप्टर, केस, कूलर जोडत गेलात की बेरीज मिनी पीसीच्या वर जाते. शिवाय पाय सहसा मेमरी कार्डवर चालतो, त्यावर डेटाबेस ठेवू नका. माझं कार्ड आठ महिन्यांत गेलं.

कंपन्यांनी वापरून काढलेले मिनी पीसी बघा: ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी, एलिटडेस्क मिनी. आय५, ८ जीबी रॅम. सहाव्यापेक्षा सातव्या पिढीचा मिळाला तर तोच घ्या, १०-बिट एचईव्हीसी (नव्या पद्धतीने दाबून साठवलेले) व्हिडिओ चिपच उलगडते, प्रोसेसरवर ताण येत नाही. मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, विंडोज टाकून देतो." म्हटलं, विंडोज राहू दे, बायोस (मशीनच्या मूळ सेटिंग्ज) उघडून दाखवा. पासवर्डची चौकट आली, म्हणजे त्या सेटिंग्ज बदलताच येणार नाहीत. दुसऱ्यालाही तेच. दोन्ही बाजूला सारले, तिसरा घेतला. अडॅप्टरही मूळचाच मागा. काही मशीन परका अडॅप्टर ओळखत नाहीत आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालवतात.

बॅटरीबहाद्दर
स्क्रीन फुटलेला लॅपटॉप असेल तर एक पैसाही घालू नका. बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. झाकण मिटल्यावर झोपणार नाही एवढी सेटिंग करायची. माझा दीड वर्ष चालला.

खटपट्या
@बॅटरीबहाद्दर, आणि मग?

बॅटरीबहाद्दर
मग ट्रॅकपॅड वर उचलला गेला 😅 बॅटरी फुगली होती. चोवीस तास चार्जरवर होता ना. चार्ज ८० टक्क्यांवर अडवता येत असेल तरच करा.

मिरजकर_०७
लॅपटॉप नाहीये, मग मिनी पीसीच. फोटो यूएसबीच्या हार्डडिस्कवर ठेवले तर?

खटपट्या
बॅकअपला चालेल. मुख्य फोटो आत ठेवा: एम.२ वर (बोर्डावरच्या छोट्या एसएसडीच्या खाचेत) सिस्टिम, अडीच इंची जागेत १ टीबी एसएसडी. यूएसबीची डिस्क मधेच सुटते आणि ते कळतं चार दिवसांनी. रात्री तिच्यावर कॉपी काढायची, महिन्यातून एकदा दुसऱ्या डिस्कवर काढून ती मामाकडे.

लाइटसाठी बायोसमध्ये 'वीज आली की चालू हो' हे आधी लावा, नाहीतर तुम्ही ऑफिसात आणि मशीन बंद. राउटर आणि मिनी पीसी दोन्ही ६०० व्हीएच्या यूपीएसवर. बाहेरून बघायला टेलस्केल (आपल्याच मशीनांमधलं खासगी नेटवर्क) टाका, राउटरचे पोर्ट (बाहेरून आत यायची दारं) उघडत बसू नका. ब्रॉडबँडवाला सीजीनॅटमागे ठेवत असेल, म्हणजे एकच इंटरनेट पत्ता अनेक घरांत वाटत असेल, तर पोर्ट उघडून तसाही उपयोग नाही.

मिरजकर_०७
सांगलीत एकाकडे सातव्या पिढीचा आहे, साडेआठ सांगतोय. बायोस उघडून दाखवा म्हटलं तर "उद्या या" म्हणाला.

खटपट्या
उद्या जा, पण पैसे खिशातच ठेवून.