नौपाड्यातल्या हॉलची निळी तार

नमस्कार मंडळी,
सध्या ठाण्यात, नौपाड्याला आईबाबांकडे आहे. हॉलमधली जुनी ट्यूबची पट्टी काढून गोल एलईडी फिटिंग लावायचंय, 24 वॅट, पत्र्याची बॉडी. स्लॅबच्या पाइपातून दोन काळ्या तारा आल्यात, एकत्र पिळून टेप मारलेल्या. शिवाय एक निळी. हिरवी कापून आत ढकललेली दिसते. फिटिंगच्या तारा तपकिरी आणि निळी. लंडनच्या सवयीने निळीला निळी जोडू का?

---

ताई, निळीला निळी जोडू नका. ब्रिटनमध्ये निळी न्यूट्रल, म्हणजे करंट परतणारी तार असते. ठाण्यात न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी, आणि लाल, पिवळी, निळी हे तिन्ही फेजचे, म्हणजे जिवंत तारेचे रंग. त्यातही स्विचपासून दिव्यापर्यंत वायरमन हाताशी असेल त्या रंगाची तार ओढतो, म्हणून रंगावर विसंबूच नका.

तुमची निळी बहुधा स्विचमधून आलेली फेज आहे. काळ्यांपैकी एक बोर्डातून आलेली, दुसरी पुढच्या पॉइंटला गेलेली. त्यांचा पीळ सोडवून एकच जोडलीत तर पुढच्या खोलीतला दिवा बंद पडेल.

खात्री मल्टिमीटरने करा. एसी व्होल्ट, 600 किंवा 750 ची रेंज. मेन बंद करून टोकं एकमेकांपासून लांब करा, मग मेन चालू करून मोजा. दिव्याचा स्विच चालू असताना निळी–काळी साधारण 230, निळी–हिरवीही तेवढंच, काळी–हिरवी शून्य ते दोन-चार व्होल्ट. स्विच बंद केल्यावर निळी–हिरवी 230 च राहिली तर स्विच फेज तोडत नाहीये. ते आधी बोर्डात दुरुस्त करून घ्या. 40-60 असा अधलामधला आकडा आला तर तो शेजारच्या तारेमुळे दिसणारा खोटा दाब असू शकतो. होल्डरला दोन तारा लावून साधा 60 वॅटचा पिवळा बल्ब निळी आणि काळी यांच्यात जोडा, हिरवीला नको; खोटा दाब लगेच शून्यावर येतो.

हिरवीशी कुठलाच आकडा धड येत नसेल तर ती बोर्डात जोडलेलीच नाही. पत्र्याच्या बॉडीला अर्थिंग हवंच. ते मिळत नसेल तर चौकोनात चौकोन असं चिन्ह असलेलं प्लास्टिक बॉडीचं फिटिंग घ्या.

आणि एलईडी उलटसुलट जोडला तरी लागतो. ‘लागला म्हणजे बरोबर’ असं धरू नका.

---

वरच्या उत्तरात एक गोष्ट राहिली, आणि ती जिवावर बेतणारी आहे. घरात इन्व्हर्टर आहे का? असेल तर मेन पाडल्यावर क्षणात तो लाइटचं सर्किट उचलतो आणि तुमच्या हातातली तार पुन्हा जिवंत होते. आधी इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, मग मेन. दोन्ही बंद हवेत.

साध्या टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे तार मेली असं नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तरी तो नीट पेटत नाही. मीटरसुद्धा आधी चालू सॉकेटवर तपासा, मग वरच्या तारा मोजा, मग पुन्हा सॉकेट.

नुसता लाइटचा एमसीबी (त्या सर्किटचा आपोआप पडणारा स्विच) पाडू नका. बहुतेक घरांत तो फक्त फेज तोडतो. बाकीचं घर चालू असताना काळी हिरवीला टेकली की आरसीसीबी (करंटची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) उडतो आणि मग नसलेला दोष शोधत बसावं लागतं.

जोडणीसाठी तीन खणांचा स्क्रूचा कनेक्टर. तारेचं 8 ते 10 मिमी आवरण सोला, दोन्ही काळ्या एकाच खणात, स्क्रू आवळून प्रत्येक तार ओढून बघा. तांब्याऐवजी पांढुरकी, वाकवली की तुटणारी तार निघाली तर ते जुनं अॅल्युमिनियम. तिथे थांबून परवानाधारक वायरमन बोलवा. स्लॅबला 6 मिमीचं भोक, गिट्टी आणि 35 मिमी स्क्रू, पाइपाच्या रेषेत मात्र नाही. पावसाळ्यात भिजलेला डाग पॉइंटभोवती असेल तर गळती थांबेपर्यंत फिटिंग लावू नका, पाणी त्याच पाइपातून उतरतं.

---

मोजलं. निळी–काळी 232, निळी–हिरवी 230, काळी–हिरवी 2. स्विच बंद केल्यावर निळी–हिरवी 48, पण बल्ब लावताच शून्य. तपकिरी निळीला, फिटिंगची निळी दोन्ही काळ्यांना, हिरवी बॉडीला. दिवा छान लागला, पण स्विच बंद केल्यावर रात्री मंद मिणमिणतो.

---

त्या स्विचमध्ये लाल इंडिकेटर आहे का? त्यातून झिरपणारा करंट एलईडीला तेवढा पुरतो. असेल तर बिनइंडिकेटरचा स्विच बसवा, मिणमिणणं थांबेल.