गॅस प्लांटमुळे रोज दाढी काढावी लागते, मग गावात तरावीह पढवायची नाही का?

खाडीकाठचा हाफिज

अस्सलामु अलैकुम, नमस्कार. ज्याला खरंच माहिती आहे त्याने सांगावं. भांडायला येणाऱ्यांसाठी बाकीचे धागे मोकळे आहेत.

मी खेड तालुक्यातला. गावातच हिफ्ज (अख्खं कुरआन पाठ) पूर्ण केलं, मग आयटीआय फिटर, आणि आता कतारला गॅस प्लांटवर मेंटेनन्समध्ये आहे. विहिरीतून येणाऱ्या कच्च्या गॅसमध्ये एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड, विषारी वायू) असतो. सडक्या अंड्यासारखा वास, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजणारा माणूस तिथेच आडवा होतो. म्हणून छातीवर डिटेक्टर, पाठीवर सिलिंडर आणि तोंडावर मास्क. मास्कची रबरी कड कपाळावरून गालावर आणि हनुवटीखाली घट्ट बसली पाहिजे. मध्ये केस आले की फट राहते.

कामावर घेण्याआधी फिट टेस्ट होते. मास्क लावायचा, वरून प्लास्टिकचा टोप चढवायचा आणि आत कडू फवारा मारतात. मान डावी-उजवी, वर-खाली, मग मोठ्याने काहीतरी वाचायचं. जिभेला कडू लागलं की नापास. माझ्या शेजारी एक पठाण भाई होता, दाढी काढायला तयार नव्हता. त्याला स्टोअरला पाठवलं, पगार कमी. मी दाढी काढली. मिशी चालते, कडेच्या आत असेल तर.

आता गावचं. आमची जमात शाफई (सुन्नींच्या चार मजहबांपैकी, म्हणजे पंथांपैकी एक; बाकीचे हनफी, मालिकी, हंबली). फजरला (पहाटेच्या नमाजला) कुनूत (उभ्याने मागायची दुआ), आमीन मोठ्याने, सगळं कोकणातलं आहे तसंच. रजा मी रमजानला जोडून घेतो आणि तरावीहच्या (रमजानातल्या रात्रीच्या जादा नमाजच्या) निम्म्या रकाती (आवर्तनं) मी पढवतो. यंदा नवे पेशइमाम आलेत, उत्तर प्रदेशचे, हनफी. माणूस चांगला आहे, मोहल्ल्यातल्या पोरांची तजवीद (कुरआनचे उच्चार) त्यांनी सुधारलीय. पण त्यांनी जमातीच्या बैठकीत सांगितलं की दाढी मुंडणारा फासिक (उघड पापी) असतो, त्याच्या मागे नमाज मकरूह (नापसंत), याला मुसल्ल्यावर (इमामाच्या जागी) उभा करू नका. अर्धी जमात त्यांच्या बाजूने. माझे वडील भडकले. म्हणाले, तुझे आजोबा बोटीवर खलाशी होते, कधी दाढी ठेवली नाही आणि जुम्म्याचा खुत्बा (शुक्रवारचं प्रवचन) तेच द्यायचे, तेव्हा कोणाची नमाज मोडली नाही.

वडिलांचं म्हणणं जिव्हाळ्याचं आहे, पण तो फतवा नव्हे. मला नीट कळायला हवं. शाफई मजहबात दाढी मुंडणं हराम आहे की मकरूह? नोकरीच्या कारणाने फरक पडतो का? आणि तरावीहचं काय?

श्रीवर्धनकर चाचा

व अलैकुम सलाम बेटा. मी मुफ्ती नाही. मदरशात शिकलो आणि उर्दू शाळेत आयुष्य काढलं. किताबांत आहे ते सांगतो.

मूळ हदीस (पैगंबरांचं वचन) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, पैगंबरांचे साथीदार इब्न उमर यांच्याकडून आलेली: मिशा बारीक करा, दाढ्या सोडा. "सोडा" हा हुकूम आहे. आता हुकूम म्हटला की तो वाजिब (बंधनकारक) करणारा की मुस्तहब (चांगलं, पण सक्ती नाही), इथे इमामांची वाट फुटते. हनफी आणि हंबली मंडळींनी वाजिब धरला, म्हणून मुंडणं हराम. मालिकींतही बहुतेकांचं तेच, जरी काझी इयाज यांनी मकरूह शब्द वापरला आहे.

आपल्याकडे गंमत आहे. मलबारच्या झैनुद्दीन मखदूम यांचं "फतहुल मुईन" केरळपासून इंडोनेशियापर्यंत शिकवतात. त्यात सरळ लिहिलंय, दाढी मुंडणं हराम. कोणी हे पान काढून तुझ्यापुढे धरलं तर घाबरू नकोस, पुढचं पानही मागून घे. त्याच किताबावर मक्केच्या सय्यद बकरी शता यांनी एकोणिसाव्या शतकात "इआनतुत तालिबीन" हा हाशिया (टीपांचा ग्रंथ) लिहिला. त्यांनी तिथेच नोंदवलंय की गझाली, शेखुल इस्लाम झकरिया अन्सारी, "तुहफा"मध्ये इब्न हजर हैतमी, रमली, खतीब शिरबीनी यांच्या मते मकरूह, आणि मजहबात एतमाद (भरवसा) त्यावरच. आपल्याकडे शेवटचा शब्द बहुधा इब्न हजर आणि रमली यांचाच असतो. ते दोघे एका बाजूला असले की मोठमोठे गप्प बसतात.

उलट बाजूही ऐक, म्हणजे कोणी तुला अर्धवट म्हणणार नाही. इब्नुर रिफआ यांनी दाखवलं की खुद्द इमाम शाफईंच्या "उम्म"मध्ये हराम म्हटलंय. अजरई यांचंही तेच, पण त्यांनी अट घातली: काही इल्लत (कारण) नसताना मुंडणं हराम. तुझ्याकडे इल्लत आहे, आणि ती चैनीची नाही. रेशीम पुरुषाला हराम, तरी अब्दुर रहमान बिन औफ आणि जुबैर यांना खाज होती म्हणून रसूलुल्लाह ﷺ यांनी रेशमाची परवानगी दिली, हे बुखारीत आहे. तिथे खाज होती, इथे जीव आहे.

म्हणजे कडक बाजूने गेलास तरी सुटतोस, नरम बाजूने गेलास तर प्रश्नच मकरूहचा. मकरूह करणारा फासिक होत नाही. मग तुला मुसल्ल्यावरून उतरवायचं कलम कुठलं? आणि समज, कोणी खरोखर फासिक असला तरी आपल्याकडे त्याच्या मागे नमाज होते. इब्न उमर हज्जाज या जुलमी सुभेदाराच्या मागे नमाज पढत, त्याहून मोठा जालिम त्या काळात शोधून सापडला नसता.

पण एक सांगतो, मकरूहचा अर्थ "चालतंय की" असा करून घेऊ नकोस. दाढी ही रसूलुल्लाह ﷺ यांची रीत (सुन्नत) आहे यावर चारही मजहब एक आहेत. आजोबांच्या खुत्ब्याचा दाखला देऊन ते बदलत नाही.

मालेगावचा अन्सारी

चाचांनी शाफई बाजू व्यवस्थित मांडली. मी हनफी, देवबंदी घरातला. पेशइमाम साहेबांनी स्वतःच्या मनाचं काही सांगितलं नाही, हे तुमच्या जमातीला कळावं म्हणून लिहितो.

आमच्याकडे मुठीएवढी दाढी वाजिब. आधार इब्न उमर यांचाच. तेच हदीस सांगणारे, आणि तेच हज-उमऱ्याच्या वेळी दाढी मुठीत धरून खाली उरलेले केस कापत. म्हणजे सोडण्याची हद्द त्यांनी स्वतःच्या हाताने दाखवली. इब्न हुमाम यांनी लिहिलंय की मुठीपेक्षा कमी करणं कोणीही जायज म्हटलेलं नाही. मुंडणारा किंवा बारीक ट्रिम ठेवणारा दोघेही एकाच रांगेत, आणि त्यांना इमाम करणं मकरूह तहरीमी (हरामच्या जवळचं). आमच्या मोहल्ल्यात दाढीवाला हाफिज मिळाला नाही तर "अलम तरा" (सूरह फील) पासून छोट्या सूरतींची तरावीह होते, पण बिनदाढीच्या हाफिजला उभा करत नाहीत. पॉवरलूमवर रात्रपाळी करणारी पोरंसुद्धा या बाबतीत सूट मागत नाहीत.

तरी खाडीकाठच्या भाई, तुमची बाब वेगळी आहे हे मान्य. कुरआनात सूरह बकरामध्ये आहे, स्वतःच्या हातांनी स्वतःला हलाकतीत टाकू नका. आमच्या किताबांतही कायदा आहे की गरज मनाई उठवते. पण त्याला जोडूनच दुसरा आहे: गरज जेवढी, तेवढीच सवलत. म्हणजे प्लांटवर मास्क लागतो तोपर्यंत काढा. विमानात बसलात की वस्तरा बॅगेत. आणि मास्क न लागणारी जागा मिळत असेल तर ती मागणं तुमच्यावर आहे. तुमच्या त्या पठाण भाईने पगार सोडला, ते मला मोठं वाटतं.

पेशइमामांना कारण माहीत आहे का? "हा दाढी काढतो" एवढंच कोणी त्यांच्या कानावर घातलं असेल तर मसला तसाच निघणार.

सेफ्टीवाला पनवेल

धर्माचं मला कळत नाही, मास्कचं कळतं. केमिकल कंपन्यांत फिट टेस्ट घेण्यात केस पांढरे झाले.

अन्सारीभाई म्हणतात तसं "दुसरी जागा मागा" हे बोलायला सोपं. फिटरला लाइन उघडायलाच जावं लागतं. दाढी ठेवून वापरता येतो असा सैल टोपाचा प्रकार असतो, बॅटरीवरचा पंखा गाळलेली हवा आत ढकलतो. आमच्याकडे काही शीख सहकारी धुळीच्या कामाला तो वापरतात. पण एचटूएस १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १००) आसपास गेला की तो जीवघेणा गणला जातो, तिथे गाळणीचा उपयोग नाही, बाहेरची हवा हवी आणि घट्ट मास्कच हवा. डिटेक्टर साधारण १० ला ओरडायला लागतो, त्यानंतर विचार करायला फार वेळ नसतो.

"एक दिवसाची खुंटं चालतील का" असं मला दर बॅचला कोणीतरी विचारतो. नाही चालत. खुंट कडक असतं, ते रबराला उचलून धरतं. सिलिंडरच्या मास्कमध्ये आतून दाब असतो, त्यामुळे फटीतून हवा बाहेर जाते आणि सिलिंडर लवकर संपतो. हे तुमच्या इमामसाहेबांना सांगा. फिट टेस्टचा एखादा व्हिडिओ दाखवा, ऐकण्यापेक्षा पाहिलेलं पटतं.

कायद्याचं बोला

यात शरियत कशाला? सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये वायुसेनेच्या केसमध्ये सांगितलंय की मुस्लिम जवानाला दाढीचा हक्क नाही. विषय संपला.

श्रीवर्धनकर चाचा

भाई, तो निकाल वायुसेनेच्या नियमाबद्दल होता: ज्यांच्या धर्मात केस कापायला किंवा दाढी काढायलाच मनाई आहे त्यांना सूट, आणि मुसलमान त्या वर्गात बसतो का, एवढाच मुद्दा. आणि नौदलात तर परवानगी घेऊन कोणीही दाढी ठेवतो. गावच्या मशिदीत तरावीह कोणी पढवायची हे वायुसेना ठरवत नाही.

खाडीकाठचा हाफिज

सगळ्यांचे आभार, सेफ्टीवाल्या दादांचे जास्त.

काल वडिलांना फोन केला, त्यांनी सदर (जमातीचे अध्यक्ष) साहेबांना घेऊन पेशइमामांची गाठ घेतली. अन्सारीभाईंचा अंदाज बरोबर निघाला. त्यांना कोणीतरी "गल्फला जाऊन फॅशन शिकलाय" असं सांगितलं होतं. ते कोण, हे मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत आहे, इथे लिहीत नाही. मास्कचं कळल्यावर ते म्हणाले, हराम-मकरूहचं माझं मत मी बदलणार नाही, पण जमात शाफई आहे आणि मुलाला उज्र (रास्त सबब) आहे. फर्ज (सक्तीची नमाज) आणि वित्र (रात्रीची शेवटची नमाज) मी पढवीन, तरावीह त्याने पढवावी, मी मागे उभा राहीन. वडिलांना "मी मागे उभा राहीन" एवढंच ऐकू आलं, ते खूश.

रजेत वस्तरा लावणार नाही हे मी ठरवलंय. चाचा, एक शंका राहिली. आमच्या घराण्यात दाढी गालावर विरळच येते, आणि पहिले काही आठवडे तर नुसतं कातडंच दिसणार. वझूचं (नमाजआधी तोंड-हात-पाय धुण्याचं) काय?

श्रीवर्धनकर चाचा

हे बरं विचारलंस, यात बरेच जण चुकतात. समोर बसलेल्या माणसाला केसांतून कातडी दिसत असेल तर ती विरळ दाढी. तेव्हा पाणी कातडीपर्यंत पोचवणं फर्ज, वरून ओला हात फिरवून भागत नाही. दाट झाली की वरचा भाग धुतला तरी पुरे, मग बोटं घालून खिलाल करणं सुन्नत. तुझ्यासारखी गालावर विरळ आणि हनुवटीवर दाट असेल तर प्रत्येक जागेचा हिशोब वेगळा. गुस्लला (शुद्धीच्या अंघोळीला) मात्र दाट असो की विरळ, मुळापर्यंत पाणी गेलंच पाहिजे.