मदत हवी आहे: मेकेल डायव्हर्टिक्युलम फुटल्यानंतरची रिकव्हरी

माझ्या मोठ्या भावाचं (वय 44) नुकतंच तातडीचं ऑपरेशन झालं. पोटात उजवीकडे खाली दुखत होतं, म्हणून सगळ्यांना अपेंडिक्सच वाटलं. प्रत्यक्षात अपेंडिक्स चांगलं निघालं. छिद्र होतं ते लहान आतड्याला जन्मापासून असलेल्या पिशवीला, म्हणजे मेकेल डायव्हर्टिक्युलमला. साधारण 2 टक्के लोकांत ती असते, पण बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. मोठ्या वयात ती फुटणं दुर्मिळ, असं सर्जन म्हणाले. कधीकधी तिच्यात जठरासारखं अस्तर असतं, त्यातल्या आम्लाने व्रण होऊन छिद्र पडतं. भावाच्या बाबतीत तेच झालं का, हे बायॉप्सीत कळेल.

पोटात पू पसरल्याने आतड्याचा तेवढा भाग काढून सध्या स्टोमा (आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून शौचासाठी केलेली वाट) केला आहे.

घरात कुणाला असं झालं असेल तर कृपया सांगा, स्टोमा बंद करायला किती महिने थांबावं लागलं? त्यातून पाणी आणि क्षार फार जातात, ते तुम्ही कसं सांभाळलं? भाऊ अगदी गळून गेलाय, हीच मोठी काळजी आहे. पुढे आतडी चिकटून अडथळा आला का? आणि रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांना नेमकं काय विचारू?