देणगी द्या, पण मालकीही मागा

चाहत्यांच्या वर्गणीवर फुटबॉल क्लब फार तर एक हंगाम तगतो, हे मत मला अजिबात पटत नाही. इंग्लंडमधला एक्सेटर सिटी हा छोटा क्लब बघा. २००३ मध्ये क्लब कर्जात बुडालेला, लीगमधून खाली घसरलेला, तेव्हा समर्थकांच्या ट्रस्टने, म्हणजे चाहत्यांच्याच संस्थेने, तो ताब्यात घेतला. २००५ मध्ये एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत त्यांनी बलाढ्य मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ०-० असं रोखलं. तो सामना आणि फेरसामना यांच्या उत्पन्नातून कर्जाचा मोठा भार उतरला. नशीब म्हणा हवं तर, पण तोवर क्लब जगवला होता तो फुकट राबणाऱ्या समर्थकांनीच! आजही बहुसंख्य मालकी ट्रस्टकडे आहे. म्हणून पैसे देण्याआधी मतदानाचा हक्क आणि हिशेब दोन्ही मागून घ्या. नाहीतर पुढचा मालक मैदानच विकायला मोकळा.