अमेरिकन गोल्ड डिस्कची फ्रेम घ्यावी का? होलोग्राम, बुरशी आणि गाण्यांचा हिशेब

पुलगावकर:
नागपूरच्या एका जुन्या सामानवाल्याकडे 1973 च्या एलपी रेकॉर्डची गोल्ड अवॉर्ड फ्रेम आहे, म्हणजे खूप खपलेल्या रेकॉर्डबद्दल दिलेली सोनेरी डिस्क. आरआयएएची (अमेरिकन रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) मोहर, शेजारी होलोग्राम, खालच्या कोरीव धातूच्या पट्टीवर एका रेडिओ स्टेशनचं नाव. लेबलवर त्या बाजूची पाच गाणी लिहिली आहेत, डिस्कवर गाण्यांचे पट्टे मात्र सहा मोजले. आतून काचेला बुरशी, डिस्कही घसरलेली. डुप्लिकेट समजू का? आणि फ्रेम उघडायची झाली तर कशी?

तबकडी आर्वी:
पट्ट्यांवरून निकाल लावू नका भाऊ. फ्रेम बनवणारे हाताशी येईल त्या डिस्कला मुलामा द्यायचे, लेबल तेवढं बरोबर लावायचे. कधी रेकॉर्ड छापायचा कारखान्यातला धातूचा साचाच बसवायचे. लेबलाजवळच्या गुळगुळीत भागातला नंबर उलटा दिसला, तर तो साचा.

घोळ होलोग्रामचा आहे. तो 1985 च्या सुमारास आला. म्हणजे तुमची फ्रेम 1973 ची नाही. खोटीच असेल असं नाही, कंपन्या जुन्या अवॉर्डच्या फ्रेमा मागाहूनही बनवून घेत. पण 'त्या काळची' म्हणून भाव देऊ नका. साधारण 1964 ते 74 च्या फ्रेमांत डिस्कमागे पांढरा कापडी पोताचा मॅट (मागचा पुठ्ठा) असायचा, आणि संग्राहक त्याच्याच मागे असतात.

आता पट्टी वाचा. एलपीला गोल्ड मिळायचं ते आधी दहा लाख डॉलरच्या विक्रीवर. पाच लाख प्रतींची अट 1975 पासून जोडली. गोल्डच्या वरचं प्लॅटिनम तर 1976 मध्ये सुरू झालं, त्याआधीची तारीख घातलेलं आरआयएए प्लॅटिनम दिसलं की हात जोडा. पट्टीवरच्या अक्षरांच्या कडा भिंगातून बघा. जुनं कोरीव काम खोल आणि किंचित असमान असतं. लेझरचं उथळ, सगळीकडे सारखं.

एचएमव्ही-पॉलिडोरच्या भारतीय डिस्कना हे नियम लावू नका. त्या त्या कंपनीनं आपल्याच हिशेबानं दिलेल्या, तिथं आरआयएएची मोहर शोधण्यात अर्थ नाही.

फ्रेमवाला दर्यापूर:
उघडण्याआधी पुढून-मागून फोटो काढा. मागचा कागद, त्यावरचा फ्रेम बनवणाऱ्याचा स्टिकर फाडू नका. ब्लेडनं कडेनं कापा, पुरावा तोच आहे. फ्रेम पालथी ठेवून खिळे चपट्या पक्कडीनं सरळ वर ओढा, स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं की चौकटीचा कोपरा फुटतो.

डिस्क घसरते कारण मागचा फोमटेप वाळून भुगा होतो. ओढून काढू नका, मुलामा सुटेल. टेपमधून जाड सुती दोरा करवतीसारखा फिरवा. डिस्कवर पितांबरी, ब्रासो, चिंच काहीही नको. सोनेरी दिसते ती बहुतेक वेळा नुसती लॅकरची झिलई असते. एकदा घासली की खालून पांढरा धातू उघडा. मऊ कोरडा ब्रश, बस्स. काच मात्र बाहेर काढून धुवा आणि पूर्ण वाळवा. जागेवर फवारा मारला की पाणी कडेनं मॅटमध्ये उतरतं, तपकिरी डाग पडतो.

परत बसवताना काच आणि डिस्कमध्ये 4-5 मिमी अंतर ठेवा, मॅट बदलावाच लागला तर आम्लरहित घ्या. जुना फेकू नका, नव्याच्या मागे ठेवा.

पुलगावकर:
पट्टीवर पाच लाख प्रतीच लिहिलंय. आमच्याकडे टिनाचं छत आहे, टांगायची कुठं?

तबकडी आर्वी:
मग पट्टी आणि होलोग्राम दोन्ही एकच सांगून राहिले, नंतरची फ्रेम आहे. त्याच हिशेबानं भाव करा.

फ्रेमवाला दर्यापूर:
टिनाखालच्या खोलीत नकोच. मे महिन्यात टेपचा गोंद ढिला होतो, आणि आत प्लास्टिकची रेकॉर्ड असली तर ती वाकते. कूलरच्या झोतासमोरही नको, बुरशी बहुतेक त्यातूनच येते. आतली भिंत बघा, मागच्या चारही कोपऱ्यांना रबराची बुटकी बटणं लावा म्हणजे हवा खेळेल. दर पावसाळ्यात खाली उतरवून मागचा कागद बघायचा. उधई लागली तर आधी तिथंच दिसते.