घरपट्टीतले सहा टक्के आणि रविवारचं ग्रंथालय

(बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा)

वैशाली (बी-३०२): नमस्कार सगळ्यांना. दसऱ्याच्या सुट्टीत एक गोष्ट लक्षात आली, म्हणून विचारते. माझा मुलगा चौथीत आहे. घरात अखंड मराठी बडबड चालते, शाळेत इंग्रजी वाचतो, कन्नडही चांगलं वाचतो. पण मराठी गोष्टीचं पुस्तक हातात दिलं की दोन ओळींत अडतो, जोडाक्षर आलं की माझ्याकडं बघतो. सोसायटीत अशी आणखी मुलं असणार. शिकवणी लावायची नाही मला, गोडी लागेल असं काहीतरी हवंय. आणि दुसरं, परवा घरपट्टी भरली तर चलनात ग्रंथालय उपकर अशी वेगळी ओळ दिसली. त्या ग्रंथालयात मुलांसाठी काही असतं का?

प्रसाद (सी-२०४): थांबा वहिनी, चलन काढून बघतो.

प्रसाद (सी-२०४): आहे की. मूळ करावर ६ टक्के.

कुलकर्णी काका (ए-१०१): वैशाली, बरं झालं विचारलंस. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली, त्यामुळं जरा लांब लिहितो. सवडीनं वाचा.

हा उपकर १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यातून आला. तेव्हा आपल्या राज्याचं नाव म्हैसूर होतं. जागेच्या आणि इमारतीच्या करावर रुपयाला सहा पैसे महापालिका आपल्याकडून घेते, आणि ते ग्रंथालयासाठीच असतात. घरपट्टी ५,००० असेल तर ३०० रुपये ग्रंथालयाचे. सगळ्यांची तेवढीच धरली तर आपल्या ४८ फ्लॅटचे वर्षाला १४,४०० रुपये झाले. एवढे पैसे भरायचे आणि आतली कपाटं कधी बघायचीच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. भाड्यानं राहणाऱ्यांनीही जावं. सभासद व्हायला घर मालकीचं लागत नाही.

बेळगावात ग्रंथालयं दोन तऱ्हेची आहेत, त्यात गल्लत नको. एक सरकारी, म्हणजे शहर केंद्रीय ग्रंथालय आणि त्याच्या शाखा. दुसरी लोकांनी वर्गणी काढून उभी केलेली. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं आहे. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, म्हणजे आपलं त्याच्याही आधीचं! महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानं अशा वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळतं. इथल्या कायद्याचा भर सरकारनं स्वतः ग्रंथालयं चालवण्यावर आहे. त्यामुळं आपली जुनी मराठी वाचनालयं मुख्यतः सभासदांच्या जिवावर उभी आहेत. माझं म्हणणं, दोन्हीकडं नाव घाला.

वैशाली (बी-३०२): काका, सरकारी ग्रंथालयात मराठी पुस्तकं मिळतात का पण?

कुलकर्णी काका (ए-१०१): शाखेशाखेत फरक आहे. जिथं वाचक मागतात तिथं येतात, जिथं कुणी मागत नाही तिथं जुनीच राहतात. खरेदी करणाऱ्याला आपल्या भागात कोण काय वाचतं हे कळायला वाचकांची मागणी कागदावर लागते. चार घरांनी पुस्तकांची नावं लिहून सही करून दिली, तर ग्रंथपालाला वर दाखवायला काहीतरी हातात असतं. मी त्या खुर्चीत बसलोय, म्हणून सांगतो.

मधुरा (ए-४०३): काका, एक बोलू का? मी रोज अभ्यासिकेत बसते, केपीएससीची, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी चाललीय. सकाळी लवकर गेलं नाही तर टेबल मिळत नाही. माझ्याबरोबर वडगाव, अनगोळ, अगदी खेड्यांतनं एसटीनं येणारी पोरं आहेत. त्यांच्या घरात अभ्यासाला कोपराही नाही. लहान मुलांचा दंगा तिथं सुरू झाला तर आम्ही कुठं जायचं?

रूपा (बी-१०३): मधुरा, मुलांनी पण कधी जायचं मग? ग्रंथालय म्हणजे फक्त परीक्षेची खोली झालीय सगळीकडं.

कुलकर्णी काका (ए-१०१): दोघींचं खरं आहे. अभ्यासिकेला धक्का लावायचा नाही, ते पहिलं. गरीब घरच्या पोरांना ग्रंथालयाचा आज सगळ्यात मोठा आधार तोच आहे. पण आपल्या देशातले मोठे ग्रंथालयतज्ज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला एक म्हणतो प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि पुढचा म्हणतो प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. स्वतःचीच पुस्तकं घेऊन येणाऱ्यांनी खोली भरते, पण कपाटातल्या पुस्तकांना कोण हात लावणार? म्हणून मुलांचा तास वेगळ्या खोलीत, वेगळ्या वेळी मागायचा. खोली नसेल तर पुस्तकं ग्रंथालयाची आणि जागा आपल्या सोसायटीचा हॉल. सरकारी ग्रंथालयांना सुट्टी सोमवारी असते, रविवारी उघडी असतात, ते आपल्या सोयीचंच आहे.

मधुरा (ए-४०३): असं असेल तर माझी काहीच हरकत नाही. मीच येईन मदतीला.

सोनाली (सी-३०३): माझा भाऊ फिनलंडला असतो. हेलसिंकीत ऊदी नावाचं सार्वजनिक ग्रंथालय आहे, २०१८ च्या डिसेंबरात उघडलं. मागच्या वर्षी मी बघून आले. एका मजल्यावर पुस्तकं आणि मुलांचा कोपरा. दुसऱ्या मजल्यावर शिलाई मशिनं, थ्रीडी प्रिंटर, गाणं रेकॉर्ड करायच्या खोल्या. कुणीही यावं, शिकावं. एक आजोबा पडदे शिवत बसले होते. इथं असं झालं तर काय बहार येईल!

संजय (बी-१०४): ताई, इमारत तशी व्हायला वेळ लागेल, पण कार्यक्रम करायला आपल्या भागाला कुणी शिकवायला नको. आमच्या येळ्ळूरला, कडोलीला, उचगावला, कुद्रेमनीला थंडीत साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, बायका डोक्यावर कलश घेऊन, पोरं लेझीम खेळत. दिवसभर व्याख्यान, कथाकथन, कविसंमेलन आणि गावजेवण. लोक शेतातली कामं उरकून मांडव भरून टाकतात. शहरात राहणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं. फक्त एकच वाटतं, तो दिवस संपला की वर्षभर पुस्तकं कपाटात जातात. काका म्हणतात तसं दर आठवड्याचं काहीतरी पाहिजे.

कुलकर्णी काका (ए-१०१): संजय, नेमकं बोललास. वर्षातून एक मोठा दिवस आणि दर आठवड्याचा एक लहान तास, दोन्ही लागतात. आपल्याकडं पहिलं आहे, दुसरं नाही.

रूपा (बी-१०३): मग स्पर्धा ठेवूया का? हस्ताक्षर, वक्तृत्व, निबंध. बक्षिसं मी स्पॉन्सर करते. प्रमाणपत्र मिळालं की आईवडील पण मुलांना आणून सोडतील.

कुलकर्णी काका (ए-१०१): रूपा, तुझा हात मोकळा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण स्पर्धा नको, असं मी हट्टानं म्हणेन. मी नोकरीत शेकडो स्पर्धा बघितल्या. बक्षीस घेणारी चार मुलं दर वेळी तीच. ती घरीही वाचतातच. जोडाक्षराला अडणारा मुलगा स्पर्धेच्या दिवशी ताप आला म्हणून घरी राहतो, आणि हा तास तर त्याच्यासाठीच आहे ना? तुझ्या बक्षिसाच्या पैशांतून पुस्तकं घेऊया, मोठ्या अक्षरांची, चित्रांची.

मुलांचा तास कसा चालतो ते सांगतो. चाळीस मिनिटं पुरे. मोठ्या माणसानं एक गोष्ट वाचून दाखवायची, पुस्तक मुलांकडं वळवून, चित्र दिसेल असं. वाचताना बोट ओळीखालून फिरवायचं. मधे थांबून विचारायचं, आता काय होईल? मग तीच गोष्ट मुलांनी एकेक वाक्य वाचायची, ज्याला अडेल त्याला शेजारच्यानं सांगायचं, मोठ्यांनी मधे पडायचं नाही. शेवटी प्रत्येकानं आपल्या आवडीचं एक पुस्तक स्वतः निवडून घरी न्यायचं. जाड की पातळ, सोपं की अवघड, काही बोलायचं नाही. आपण निवडलेलं पुस्तक मूल बहुतेक पूर्ण करतं. दोन महिने खंड न पडता केलं तर फरक दिसतो. खंड पडला तर मात्र पुन्हा पहिल्यापासून.

रूपा (बी-१०३): पटलं काका. पुस्तकं माझ्याकडून.

हिरेमठ सर (सी-१०१): नमस्कार. माझी नात पण येईल. खाली खेळताना ती सगळं मराठीतच बोलते, पण वाचायला येत नाही. वैशाली मॅडमचा मुलगा कन्नड वाचतो म्हणता, तर दोघांना एकत्र बसवूया की. एक रविवार मराठी गोष्ट, एक रविवार कन्नड. तो तिला मराठी शिकवेल, कन्नडात कुठं अडलं तर ती त्याला सांगेल. कन्नड गोष्टी मी वाचतो.

वैशाली (बी-३०२): सर, हे तर फारच छान. मुलांचं एकमेकांकडून जेवढं शिकून होतं तेवढं आमच्याकडून होत नाही. नक्की करूया.

शांता आजी (ए-००२): मुलांचं झालं, आमचं काय? नोव्हेंबर आला की पेन्शनचा हयातीचा दाखला. मोबाईलवर चेहरा दाखवून होतो म्हणतात. नातू करून देतो, पण तो पुण्याला. दर वेळी कुणाचं तरी दार वाजवायचं बरं वाटत नाही. तेही शिकवा की ग्रंथालयात.

सोनाली (सी-३०३): आजी, बाहेरच्या देशांत ग्रंथालयात हेच शिकवतात. फॉर्म कसा भरायचा, फसवणुकीचे फोन कसे ओळखायचे, सगळं.

मधुरा (ए-४०३): आजी, ते मी शिकवते. महिन्यातून एक रविवार, गोष्टीच्या तासानंतर. पण मी तुमच्या हातातून फोन घेऊन करून देणार नाही, तुमच्याच बोटांनी करून घेणार. आणि शेवटचा नियम, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, मलासुद्धा नाही. कर्नाटकाचं सरकारी डिजिटल ग्रंथालय २०२० मध्ये सुरू झालंय, तेही उघडून दाखवते. अक्षरं मोठी करून वाचता येतात.

शांता आजी (ए-००२): मोठी अक्षरं ठीक, पण मला कागदाचं पुस्तक लागतं. आणि जिना उतरून ग्रंथालयापर्यंत जाणं आता होत नाही बाळा.

कुलकर्णी काका (ए-१०१): वहिनी, त्यावर जुनी तोड आहे. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात १९१० मध्ये ग्रंथालयांचं काम मोठ्या प्रमाणावर सुरू केलं, तेव्हा पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरायच्या. गावानं वाचायचं, पेटी परत, नवी पेटी. आपणही सभासदांच्या नावावर पंधरा-वीस पुस्तकं आणून खाली हॉलमध्ये पेटी ठेवूया. महिन्यानं बदलायची. ज्यांना जाता येत नाही त्यांच्यापर्यंत पुस्तक येईल. आणि कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये ग्रंथालयाचा कायदा केला, तो देशातला पहिला. अशा मातीच्या शेजारी राहतो आपण, एवढं तर जमलंच पाहिजे.

संजय (बी-१०४): पेटी आणा-न्यायला माझी गाडी. आणि एक, आपल्या वॉचमन मामांच्या दोन मुली खानापूरकडं गावी असतात. ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात ६ ते १८ वयाच्या मुलांना सभासदत्व फुकट आहे, २०२० च्या ओदुव बेळकु (वाचनाचा उजेड) या सरकारी योजनेपासून. आमच्या गावातल्या पोरांची नावं मी घातली. मामांना सांगितलं पाहिजे, बऱ्याच पालकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

वैशाली (बी-३०२): मी आज संध्याकाळीच सांगते त्यांना. मुली सुट्टीत इथं येतील तेव्हा आपल्या तासालाही बसतील.

देसाई (सचिव, ए-३०१): सगळं वाचलं. हॉल रविवारी सकाळी १० ते १२ मोकळा आहे, त्याचं भाडं लावायचं नाही असं मी कमिटीत मांडतो. पण काका, ग्रंथालयाकडं अर्ज कधी द्यायचा?

कुलकर्णी काका (ए-१०१): लगेच. १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह असतो. त्या आठवड्यात ग्रंथालयांना काहीतरी कार्यक्रम करायचाच असतो, आणि बरेचदा माणसंच येत नाहीत. वक्ता, हार, फोटो आणि रिकाम्या खुर्च्या, हे मी बघितलंय. आपण वीस मुलं घेऊन येतो म्हटलं तर ग्रंथपालाला आनंदच होईल. अर्जात तीनच मागण्या ठेवा. मुलांसाठी रविवारचा एक तास, मराठी आणि कन्नड बालपुस्तकांची आपण दिलेली यादी, आणि पेटीसाठी एकत्र पुस्तकं नेण्याची परवानगी. जास्त मागितलं की फाईल फिरत बसते.

प्रसाद (सी-२०४): भाषेवरनं काही वाद तर होणार नाही ना? उगाच नोव्हेंबरात, राज्योत्सवाच्या महिन्यात.

हिरेमठ सर (सी-१०१): प्रसाद, दोन भाषेतल्या मुलांनी पुस्तक मागितलं तर कोण वाद घालणार? अर्ज कन्नडात मी लिहितो, ऑफिसात लवकर पुढं जाईल. यादीत मराठी पुस्तकांची नावं मराठीतच राहू देत. पहिली सही माझी.

देसाई (सचिव, ए-३०१): ठरलं मग. शनिवारपर्यंत प्रत्येक घरानं मुलांच्या आवडीच्या दोन पुस्तकांची नावं वैशालीताईंकडं द्या, मुलांना विचारून. सोमवारी ग्रंथालय बंद, म्हणून मंगळवारी सकाळी मी, काका आणि हिरेमठ सर अर्ज घेऊन जातो. पोच घेऊन फोटो इथं टाकतो.

रूपा (बी-१०३): माझ्या लेकीनं आत्ताच तीन नावं सांगितली. दोनच चालतील का तिन्ही देऊ?

वैशाली (बी-३०२): तिन्ही दे गं.