मदत हवी आहे: लेखक-कलाकारांच्या लांबलचक मुलाखती कुठे ऐकायला मिळतील?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. गावातल्या एका जुन्या नाट्यकलाकाराशी दोनेक तास गप्पा रेकॉर्ड करायचं ठरलंय, जत्रेतली नाटकं, तालमी, पदं सगळं बोलतील ते, पण प्रश्न मी विचारायचे म्हणून जरा टेन्शन आहे. आधी चांगल्या मुलाखती ऐकाव्यात म्हणतो. रवींद्र केळेकर (२००६ चं ज्ञानपीठ) किंवा दामोदर मावजो (२०२२ चं) लिखाणावर सावकाश बोललेत असं काही आहे का, मराठी-कोंकणी कुठलंही चालेल. सत्कारातली प्रश्नोत्तरं नकोत, 'पुरस्कार मिळाल्यावर कसं वाटलं' याच्यापुढे गाडी जातच नाही. आणि माणूस भरात येऊन विषय सोडून गेला तर थांबवायचं की बोलू द्यायचं? कॉलर माईक घेऊ की मोबाईल पुरे? पंखा काही बंद करता येणार नाही हो या उकाड्यात.